बाहांधरी : बडोद्याच्या दरबारातील तलवारीचा जामीन

मराठ्यांचा इतिहास आपण बहुधा लढायांच्या अनुक्रमाने वाचतो. पालखेड, वसई, पानिपत, खर्डा ही नावे शाळकरी मुलालाही पाठ असतात. पण त्या लढायांवर गेलेल्या फौजेला दाणावैरण कोणी पुरविली, घोड्यांची किंमत कोणी भरली, आणि मोहीम संपल्यावर शिपायाच्या हातात पैसा केव्हा पडला, हे प्रश्न आमच्या बखरींनी क्वचितच विचारले. ज्यांनी ते विचारले ते बिचारे सराफ होते, आणि त्यांची उत्तरे चोपड्यांतच राहून गेली.

हल्ली अर्थशास्त्राचे पंडित एक नवाच विषय हाती घेताना दिसतात. एखाद्या व्यापारी मंडळीचा मुख्य चालक पूर्वी सैन्यात अधिकारी असला, तर त्याच्या उधारी देण्याघेण्याच्या रीतीवर त्या शिस्तीचा ठसा उमटतो काय, याचा ते शोध करतात. विषय ऐकण्यास नवा वाटला तरी आमच्या लोकांना तो अगदीच परका नाही. तलवार बांधलेल्या माणसाने कर्जाचे निर्णय करावेत आणि पेढीवाल्याने त्याच्या शब्दावर थैली सोडावी, असा व्यवहार बडोद्याच्या गायकवाडी दरबारात उघडपणे चालला होता, आणि त्याचे परिणाम एका संस्थानाच्या स्वातंत्र्यापर्यंत जाऊन पोहोचले. त्या व्यवहाराला नावही होते : बाहांधरी. बाहू धरणे, म्हणजे हात धरणे, हाच त्या शब्दाचा मूळ भाव. ज्याचा हात धरला त्याला सोडायचे नाही, असा त्यातला करार.

हा व्यवहार उभा कशावर राहिला, ते आधी पाहिले पाहिजे. मराठी राज्यांत महसूल पिकाबरोबर येई आणि फौजेचा खर्च मात्र रोजचा असे. या दोहोंतील अंतर सावकार भरून काढी. सरकार एखाद्या परगण्याच्या वसुलीवर वरात देई. ती वरात वटेपर्यंत शिपायाने वाट पाहावी, किंवा कसर सोसून ती सराफाला विकावी. मामलतदाराकडून नेमणुकीच्या वेळीच रसद म्हणून आगाऊ रक्कम घेत, आणि ती रक्कम मामलतदार स्वतः पेढीवरूनच उचली. गुजरातेत तर गावच्या पाटलानेही महसुलाच्या हप्त्यासाठी सराफ उभा करावा, सराफाने सरकारला हमी द्यावी आणि त्या हमीबद्दल मनोती घ्यावी, अशी वहिवाट होती. म्हणजे शेतकऱ्याच्या बांधापासून दरबाराच्या गादीपर्यंत सारा कारभार उसनवारीच्या एकाच दोरीवर लोंबत होता.

फौजेतला जो अधिकारी ही दोरी सांभाळी त्याला बक्षी म्हणत. आज आपल्याला बक्षी म्हणजे नुसता सेनापती वाटतो. पण सैन्याचा हिशेब आणि पगार हे त्या पदाचे मुख्य अंग होते. महादजी शिंद्यांच्या दरबारात हे पद ज्यांनी गाजविले ते जिवबादादा केरकर मूळचे गोमंतकातील केरी गावचे, हे आमच्या गोमंतकीय वाचकांना सांगावयास नको. इ. स. १७९६ मध्ये ते वारले तोपर्यंत शिंद्यांच्या फौजेत त्यांच्या शब्दाला जी किंमत होती ती केवळ शौर्यामुळे नव्हती, असे आम्हांला वाटते. ज्याच्या हाती पगाराची किल्ली, त्याच्या शब्दावर शिपाईही थांबतो आणि सराफही. अशी माणसे गेली की काय होते, ते पुढे दौलतराव शिंद्यांच्या छावणीत दिसले. इ. स. १८०९ च्या सुमारास तेथे राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांतून, थकलेल्या पगारासाठी शिपाई धरणे धरून बसल्याचे प्रकार लिहून ठेवले आहेत. आपल्याच सरदाराच्या दारात उपाशी बसणारी फौज परमुलखात काय पराक्रम करणार !

आता सावकाराच्या बाजूने विचार करू. साधा कुळवाडी किंवा वाणी कर्ज बुडवू लागला तर त्याच्यावर पंचायत बसविता येई. राजाने बुडविले तर ? राजावर दावा कोणत्या चावडीत लावायचा ? म्हणून सावकाराला असा जामीन हवा असे, की ज्याच्यापुढे राजाचेही काही चालू नये. गुजरात आणि काठेवाडात अशा जामिनाचा एक फार जुना आणि विलक्षण प्रकार होता. भाट आणि चारण हे लोक मोठमोठ्या करारांना जामीन राहत. त्यांच्यापाशी ना पैसा, ना फौज. कराराचा भंग झाला तर ते स्वतःच्या, प्रसंगी आपल्या घरच्या माणसांच्याही अंगावर शस्त्र चालवीत, आणि त्या रक्ताचे पाप करार मोडणाऱ्याच्या माथी बसे. यालाच त्रागा म्हणत. आज एखाद्या रुसलेल्या मुलाला आपण त्रागा करू नकोस म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे केवढी रक्ताची परंपरा उभी आहे याची आपल्याला कल्पनाही नसते. भाटाच्या जामिनाला धर्मभयाचे पाठबळ होते. जेथे ते भय होते तेथे तो जामीन लोखंडासारखा पक्का; जेथे ते सुटले तेथे तो कवडीमोल.

बडोद्याच्या दरबारात अठराव्या शतकाच्या अखेरीस हे भय पुरेसे राहिले नव्हते. दमाजीराव गायकवाड इ. स. १७६८ मध्ये वारले आणि त्यांच्या पुत्रांत गादीचा तंटा लागला. सयाजीराव, गोविंदराव, फत्तेसिंगराव, मानाजीराव यांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी पुण्याच्या दरबाराला मोठमोठ्या नजरा कबूल केल्या. नजराणा कबूल करायचा राजाने आणि भरायचा सावकाराने, असा क्रम पडला. हरिभक्तींची पेढी, गोपाळराव मैराळांची पेढी, सामळ बेचर, मंगळ सखीदास ही घराणी संस्थानची पोतदारी करू लागली. राजे बदलत, कारभारी बदलत. नव्या कारभाऱ्याने जुन्याचे देणे मानावेच असा नेम नव्हता. उलट जुन्या कारभाऱ्याच्या सावकाराला कैद करून दंड घ्यावा, हीच जमा वाढविण्याची सोपी युक्ती होऊन बसली.

अशा वेळी शहरात एक नवी शक्ती आलेली होती : अरब शिबंदी. गायकवाडांनी ही परदेशी माणसे नोकरीस ठेवली ती आपापसांतील तंट्यांत भरवशाची माणसे हवीत म्हणून. बडोद्याचे दरवाजे आणि खुद्द राजवाड्याचा पहारा हळूहळू त्यांच्याच हाती गेला. त्यांच्या पगाराचा भार मंगळ आणि सामळ या दोन पारखांनी उचलला होता. अरबांच्या निरनिराळ्या तुकड्या या दोघांच्या आश्रयाने होत्या. येथे सावकार आणि शिपाई यांची जी गाठ पडली ती नीट पाहण्यासारखी आहे. सावकार शिपायाला पगार पुरवी, आणि त्या पगाराची व इतर कर्जाची फेड दरबार करील याबद्दल शिपायांचा जमादार सावकाराला हमी देई. हीच बाहांधरी. पुढे ती कर्जापुरती राहिली नाही. कोणी मानकरी राजाच्या भेटीला निघाला, कोणी कारभारी हिशेब द्यायला आला, कोणी रुसलेला भाऊबंद समेटाला तयार झाला, की प्रथम एखाद्या अरब जमादाराचा हात धरी. जमादाराने शब्द दिला की त्या माणसाच्या जिवाला व मालमत्तेला दरबाराने धक्का लावायचा नाही. राजाच्या वचनावर राजाच्याच चाकराची सही लागल्याशिवाय ते वचन बाजारात चालेना, असा हा प्रकार होता.

या जमादारांना आपण केवळ दांडगे म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. दिलेला शब्द ते पाळीत, आणि म्हणूनच त्याला मोल होते. परमुलखातून आलेल्या, शेतवाडी नसलेल्या शिपायाची सारी पत त्याच्या शब्दात असते. चोपडी कशी वाचावी हे त्याला कळत नसे. परंतु शब्द देणारा कोण, मोडणारा कोण, आणि मोडल्यास काय करायचे, एवढे त्याला पक्के कळे. हा शिपाईबाणा कर्जाच्या व्यवहारात उतरला म्हणून सराफांनी थैल्या सोडल्या. पण त्याच बाण्यात एक उणीव होती. शिपाई वचन जपतो, रक्कम मोजत नाही. आपण ज्या कर्जाला हात देत आहोत ते राज्याच्या उत्पन्नातून फिटणार आहे की नाही, हा विचार जमादाराने का करावा ? तो सावकाराचा विचार. आणि सावकाराने तरी का करावा ? जमादाराचा हात धरलेला आहे ना ! ज्या क्षणी हमी पक्की झाली त्या क्षणी कर्जाला आळा घालणारे दोघेही निर्धास्त झाले. त्यात आणखी विपरीत असे, की जामीन राहणाऱ्या जमादाराचा स्वतःचा पगारही त्याच दरबाराकडे थकलेला होता. ऋणकोचा धनको त्याच ऋणकोला जामीन, हे कोणत्याही पेढीच्या शास्त्रात बसणारे नाही.

सप्टेंबर १८०० मध्ये गोविंदराव वारले आणि आनंदराव गादीवर आले. त्यांची प्रकृती व बुद्धी दुर्बल. त्यांच्या दासीपुत्र भावाने, कान्होजीने, सत्ता बळकाविली. ती रावजी आप्पाजींनी अरबांच्याच मदतीने त्याच्या हातून काढून घेतली आणि ते दिवाण झाले. त्यांचे बंधू बाबाजी आप्पाजी फौजेचे काम पाहत. पण कडीचे मल्हारराव गायकवाड उठले, आणि रावजींना बाहेरून मदत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यांनी मुंबईकर इंग्रजांना हाक मारली. इ. स. १८०२ च्या आरंभी मेजर अलेक्झांडर वॉकर फौज घेऊन आला. कडी पडली, खंभातेस मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्याशी करार झाला, आणि वॉकर बडोद्याचा रेसिडेंट झाला.

रेसिडेंट म्हटला की आपल्यापुढे लेखणी घेतलेला मुत्सद्दी उभा राहतो. वॉकर तसा नव्हता. तो लष्करी माणूस. त्याने आल्यावर पाहिले की अरबांना काढल्याशिवाय संस्थान मोकळे होत नाही, आणि त्यांचा पगार चुकता केल्याशिवाय ते जात नाहीत. दरबारापाशी पैसा नाही. सराफ पैसा देतील, पण बाहांधरीशिवाय देणार नाहीत. आणि बाहांधरी तर अरबांच्याच हाती! या कोंडीतून त्याने जी वाट काढली ती त्याच्या पेशाला साजेशी होती. अरबांचा हात सोडा आणि कंपनीचा धरा, असे त्याने सराफांना सांगितले. हरिभक्ती व इतर पेढ्या आणि कंपनी सरकार यांनी मिळून दरबाराला कर्ज दिले, आणि सराफांच्या रकमेला कंपनीची हमी लागली.

अरब मात्र सुखासुखी गेले नाहीत. महाराजांना त्यांनी वाड्यात अडकवून ठेवले आणि शहराचे दरवाजे बंद केले. डिसेंबर १८०२ मध्ये कर्नल वुडिंग्टनने बडोद्याला वेढा घातला. सुमारे दहा दिवस तोफा चालल्या, तटाला खिंड पडली, आणि अरब शरण आले. त्यांच्या थकलेल्या पगारापोटी १७ लाखांहून अधिक रुपये मोजण्यात आले. त्यांनी निरनिराळ्या लोकांना दिलेल्या बाहांधऱ्या वाऱ्यावर सोडू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. कंपनीने त्या आपल्या अंगावर घेतल्या. वेढ्यात हरलेल्या शिपायांनी जाताजाता आपल्या दिलेल्या शब्दांची सोय लावली, ही गोष्ट आम्हांला त्यांच्या साऱ्या दांडगाईपेक्षा अधिक बोलकी वाटते.

वॉकरने हे का पत्करले ? केवळ कंपनीचा स्वार्थ असे उत्तर सोपे आहे, आणि ते खोटेही नाही. इ. स. १८०५ च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी ११ लक्ष ७० हजारांचा मुलूख कंपनीकडे गेला, हे विसरता येत नाही. तथापि बाहांधरीचा निर्णय त्याहून सूक्ष्म आहे. मुंबईच्या वखारीतल्या एखाद्या व्यापाऱ्याने प्रथम विचारले असते : एकूण देणे किती, मुदत किती, आपली हमी संपणार केव्हा ? वॉकरने शिपायाचा प्रश्न विचारला : या माणसांना भीती कोणाची आहे, आणि ती आम्ही दूर करू शकतो काय ? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने चोख दिले. पहिला प्रश्न त्याने मागच्यांसाठी ठेवला. त्याने दिलेल्या कित्येक हम्या एका माणसापुरत्या न राहता वंशपरंपरा समजल्या गेल्या. कोणाच्या इनामाला, कोणाच्या नेमणुकीला, कोणाच्या पेढीला इंग्रजांचा हात लागला, आणि महाराजांच्या राज्यात महाराजांचा हुकूम न चालणारी घरे उभी राहिली.

इ. स. १८०७ मध्ये त्याने काठेवाडात जो बंदोबस्त केला त्यातही हीच दृष्टी दिसते. दरवर्षी गायकवाडी फौजेने मुलूखगिरीवर जाऊन खंडणी उकळायची, हा प्रकार त्याने थांबविला. खंडणीचे आकडे ठरवून दिले आणि संस्थानिकांकडून चांगल्या वर्तणुकीचे जामीन घेतले. भाटाच्या कट्यारीवर उभी असलेली जुनी व्यवस्था कंपनीच्या कागदाशी येथे जोडली गेली. काठेवाडचा शेतकरी त्यामुळे सुखावला, हे मान्य केलेच पाहिजे.

बाहांधरीचा सर्वांत भयंकर प्रसंग मात्र बडोद्यात घडला नाही. तो पंढरीत घडला. पेशवे व गायकवाड यांच्यात जुन्या बाकीचा आणि खंडणीचा हिशेब कित्येक वर्षे तुंबला होता. शिवाय अहमदाबादचा इजारा गायकवाडांकडे होता, त्याची मुदत इ. स. १८१४ मध्ये संपत होती. हा हिशेब मिटविण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास निघाले. शास्त्री मूळ वॉकरच्या हाताखाली वर चढलेले, आणि दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारात त्यांच्याविषयी काय भाव आहे हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांच्या जिवाला कंपनीने हमी दिली. बडोद्यात मानकऱ्याने अरब जमादाराचा हात धरावा, तसा शास्त्र्यांनी इंग्रजांचा हात धरला. बाजीराव त्यांना आषाढीस पंढरपुरास घेऊन गेले, आणि २० जुलै १८१५ च्या रात्री विठ्ठलाच्या देवळातून परतत असता वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना तोडले. त्रिंबकजी डेंगळ्यांचा त्यात हात किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांला येथे एवढेच दिसते, की एल्फिन्स्टनने हा खून एका ब्राह्मणाचा खून म्हणून धरला नाही, आपल्या बाहांधरीचा भंग म्हणून धरला. त्रिंबकजींची मागणी, ठाण्याच्या किल्ल्यातील त्यांची कैद, तेथून त्यांचे पलायन, जून १८१७ चा पुण्याचा तह, आणि वर्षाच्या आत पेशवाईचा अस्त, हे सारे त्या एका हमीच्या मागोमाग आले. सातशे मैलांवरची लढाई हरून राज्य जावे हे समजते. येथे एका जुन्या खात्याची बाकी काढायला गेलेल्या कारकुनी माणसाच्या जामिनावरून राज्याचा कडा कोसळला.

बडोद्याचे खाते मात्र संपले नव्हते. इ. स. १८१९ मध्ये आनंदराव वारले आणि दुसरे सयाजीराव गादीवर आले. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन, आता मुंबईचा गव्हर्नर, स्वतः बडोद्यास आला. हिशेब काढला तो कर्ज १ कोटीहून अधिक निघाले. ज्या हमीने संस्थान कर्जमुक्त व्हायचे होते त्या हमीखाली अठरा वर्षांत ही रक्कम उभी राहिली होती, आणि या अवधीत रेसिडेन्सीचा हात प्रत्येक जमाखर्चावर होता. एल्फिन्स्टनने महाराजांना अंतर्गत कारभाराची मोकळीक दिली. मात्र हमी असलेल्या सावकारांचे हप्ते वेळेवर पोहोचले पाहिजेत, अशी अट घातली.

सयाजीराव हट्टी होते, कृपणही होते, असे त्यांचे टीकाकार म्हणतात. आम्हांला त्यांचा हट्ट समजतो. स्वतःच्या खजिन्यात त्यांनी पैसा साठविला, आणि संस्थानच्या खात्याचे कर्ज मात्र फेडीना. आपल्या वडिलांच्या व भावाच्या वेळी परक्यांनी केलेले कर्ज आपण का फेडावे, असा त्यांचा भाव असावा. इ. स. १८२८ मध्ये सर जॉन मालकमच्या सरकारने हप्ते थकल्याबद्दल संस्थानचे परगणे जप्त केले. मालकमही जन्माचा लष्करी माणूस. शब्द मोडला की मुलूख अडकवायचा, हे त्याला सरळ वाटले असल्यास नवल नाही. अरब जमादार थकलेल्या पगारासाठी शहराचे दरवाजे बंद करीत; कंपनीने परगणे बंद केले. भेद आकाराचा होता.

ही कोंडी फोडली ती लष्करी नसलेल्या गव्हर्नराने. लॉर्ड क्लेअर इ. स. १८३१ च्या अखेरीस आणि पुन्हा १८३२ मध्ये बडोद्यास आला, महाराजांशी समोरासमोर बोलला, आणि सावकारांचे देणे महाराजांनी त्यांच्याशी परस्पर मिटवावे असे ठरविले. सयाजीरावांनी साठविलेला पैसा बाहेर काढला, सराफांची तोंडे बंद केली, कर्जावरची कंपनीची हमी रद्द झाली, आणि जप्त परगणे परत मिळाले. तीस वर्षे जी गाठ हम्यांनी घट्ट होत गेली ती ऋणको आणि धनको यांना एकमेकांसमोर बसविताच सुटली.

व्यक्तींना आणि घराण्यांना दिलेल्या बाहांधऱ्या मात्र पुढेही चालू राहिल्या. त्यांच्या आडून रेसिडेन्सीच्या कारकुनांना लाच देऊन कामे करून घेण्याचा जो धंदा माजला, त्याला बडोद्यात खटपट हा शब्द होता. कर्नल जेम्स औट्रमने इ. स. १८५१ मध्ये त्यावर जो अहवाल मुंबईस धाडला, त्यात हरिभक्तींच्या घरातील विधवा जोतीबाई शेठाणीचे गाऱ्हाणे ठळकपणे आले. ज्या पेढीसाठी एकेकाळी अरबांनी आणि मग इंग्रजांनी हात पुढे केला होता, त्याच पेढीची मालकीण न्यायासाठी दारोदार फिरत होती. मुंबई सरकारला औट्रमचा अहवाल रुचला नाही, आणि त्याला बडोदे सोडावे लागले.